जनुकातच दोष, मग औषध कसलं?

परळच्या ओपीडीबाहेरच्या बाकांवर हमखास ऐकू येतं: ‘आजार जीन्समध्येच आहे, आता उपाय नाही.’ असं सरसकट म्हणणं चूक आहे. एएलएस या आजाराचंच उदाहरण घ्या. त्यात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. काही रुग्णांत त्यामागे एसओडी१ या जनुकातला दोष असतो. टोफर्सेन हे औषध त्या जनुकाला हातच लावत नाही. त्याच्यामुळे जनुकावरून निघालेला, प्रथिन बनवायला सांगणारा आरएनएचा निरोप वाटेतच नष्ट होतो, म्हणून घातक प्रथिन कमी बनतं. औषध कमरेतून, मणक्यातल्या द्रवात टोचतात. अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली, तीही रक्तातलं न्यूरोफिलामेंट (चेतापेशींना इजा झाली की वाढणारं प्रथिन) घटल्याच्या आधारावर. २८ आठवड्यांच्या मुख्य चाचणीत रुग्णांच्या हालचालींत ठोस फरक दिसला नव्हता. रामबाण नव्हेच! शिवाय हा दोष एएलएसच्या शंभरातल्या जेमतेम दोघांत सापडतो. बाकीच्यांना या इंजेक्शनचा उपयोग नाही.