कर्व्हबॉल आणि स्लायडर : हातातल्या पडद्यावर ओळखायचे कसे

घणसोलीला राहणाऱ्या माझ्या भाच्याने बेसबॉलच्या गेमसाठी स्वतःपुरता एक नियम करून ठेवला होता : चेंडू खाली पडला तर तो कर्व्हबॉल आणि बाजूला वळला तर स्लायडर. नियम सुटसुटीत आहे आणि त्यानेच तो बरेच दिवस फसत राहिला. उजव्या हाताने चेंडू टाकणाऱ्या पिचरचे हे दोन्ही चेंडू बहुधा उजव्या बॅटरपासून दूर वळतात आणि दोन्ही खालीही जातात. त्यामुळे शेवट पाहून चेंडूची जात ठरवायला जावे, तर तोवर तो बॅटरमागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाऊन बसलेला असतो. खरा फरक चेंडू हातातून सुटताना दिसतो, आणि निन्टेन्डो स्विचसारख्या हातात धरायच्या कन्सोलवर तर तो तिथेच शोधावा लागतो.

क्रिकेटवर पोसलेल्या डोळ्यांची पहिली अडचण टप्प्याची असते. ‘मामा, हा टर्न झाला ना?’ असे भाचा विचारतो तेव्हा त्याच्या डोक्यात खेळपट्टीवर पडून वळणारा चेंडू असतो. बेसबॉलमध्ये पिचरच्या पट्टीपासून, बॅटर जिच्याजवळ उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंतच्या १८.४४ मीटर अंतरात चेंडू टप्पा घेतच नाही. जे काही घडायचे ते हवेत घडते, आणि फास्टबॉल, म्हणजे पिचरचा सरळ वेगवान चेंडू, असेल तर साधारण ०.४ सेकंदात घडून जाते.

कर्व्हबॉल सोडताना बोटे चेंडूच्या पुढच्या अंगावरून खाली ओढली जातात, त्यामुळे त्याला टॉपस्पिन मिळतो. ही फिरकी चेंडूमागची हवा वरच्या बाजूला ढकलते आणि उलट चेंडू खाली ढकलला जातो, म्हणजे नुसत्या गुरुत्वाकर्षणाने जितका पडला असता त्याहून तो जास्त पडतो. आता इतका पडणारा चेंडू स्ट्राइक झोनमध्ये, म्हणजे होम प्लेटवरच्या साधारण बॅटरच्या गुडघ्यांपासून छातीपर्यंतच्या चौकटीत आणायचा, तर तो सोडतानाच थोडा वर सोडावा लागतो. हातातून सुटल्यावर चेंडू क्षणभर उचलल्यासारखा दिसतो, ते याच कारणाने. फिरकी गोलंदाजाचा फ्लाइट दिलेला चेंडू डोळ्यांच्या रेषेवर जाऊन अलीकडेच बुडतो, तसेच काहीसे. शिवाय मेजर लीग या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत तो फास्टबॉलपेक्षा ताशी सुमारे २५ किलोमीटरने हळू असतो. पिचर क्लेटन कर्शॉचा कर्व्हबॉल बाजूला फारसा न जाता घड्याळातल्या बारावरून सहावर उतरल्यासारखा सरळ खाली यायचा, आणि भाच्याच्या नियमाला आधार असेल तर तो एवढ्या एका प्रकारापुरताच आहे. (कर्व्हबॉलचा जनक म्हणून कॅंडी कमिंग्ज यांचे नाव घेतले जाते, समुद्रकाठी शिंपले भिरकावताना ही कल्पना सुचली, असे ते सांगत.)

स्लायडरचे गणित वेगळे आहे. त्याची फिरकी बरीचशी बंदुकीच्या गोळीसारखी असते, म्हणजे चेंडू ज्या दिशेने जातो त्याच दिशेच्या आसाभोवती तो फिरतो, आणि अशी फिरकी चेंडूला ना वर उचलते ना खाली दाबते. फास्टबॉलला मात्र बॅकस्पिन (उलटी फिरकी) वर तोलून धरत असतो. सुरुवातीला दोघेही एकाच रेषेवर निघतात. पुढे फास्टबॉल तोललेला राहतो, तर स्लायडरला असा आधार नसल्याने तो खाली जातो आणि फिरकीचा जो थोडा भाग तिरका असतो त्यामुळे बाजूलाही सरकतो. वेग फास्टबॉलपेक्षा ताशी दहा-पंधरा किलोमीटरनेच कमी, त्यामुळे फसल्याचे कळते ते बॅट फिरल्यावर. रँडी जॉन्सन या सहा फूट दहा इंच उंचीच्या डावखुऱ्या पिचरच्या स्लायडरने भल्याभल्यांना असेच चकवले.

मैदानावरचे बॅटर स्लायडर ओळखायची एक खूण सांगतात : लाल शिवण फिरता फिरता चेंडूच्या तोंडावर एक लाल ठिपका दिसतो. मूळ स्विचच्या ६.२ इंची पडद्यावर, त्यातही ठाणे–वाशी लोकलच्या खिडकीतून सकाळचे ऊन येत असताना, हा ठिपका शोधणे म्हणजे तांदळातला खडा चालत्या गाडीत निवडणे. ‘एमएलबी द शो’ हा बेसबॉलचा गेम २०२२ मध्ये स्विचवर आला, तेव्हापासून माझा अनुभव असा की ठिपक्याचा नाद सोडून कॅमेरा ‘स्ट्राइक झोन’ या कोनावर ठेवावा, म्हणजे चेंडू मोठा दिसतो, आणि नजर पिचरच्या हाताजवळच्या चौकोनभर जागेवर रोखावी. चेंडू तिथून उचलला गेला तर कर्व्हबॉल. सरळ रेषेत, पण फास्टबॉलपेक्षा किंचित रेंगाळत निघाला तर स्लायडर.

चुकांचा प्रकारही दोन्हींत वेगळा असतो. कर्व्हबॉलवर चूक वेळेची होते : बॅट आधीच फिरून जाते आणि पडद्यावर ‘अर्ली’ अशी नोंद उमटते. स्लायडरवर चूक जागेची होते : वेळ जवळपास बरोबर असते, पण चेंडू झोनच्या बाहेर निसटतो आणि ऑफ स्टंपबाहेरच्या आऊटस्विंगरमागे जावे तसे आपण त्याच्या मागे जातो. म्हणून पहिल्यावर उपाय थांबण्याचा, तर दुसऱ्यावर सोडून देण्याचा आहे. दोन स्ट्राइक झाल्यावर (झोनमधून गेलेला किंवा बॅट फिरवूनही हुकलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक, आणि तिसऱ्या स्ट्राइकला बॅटर बाद) सोडून देणे जड जाते, आणि पिचर, मग तो कन्सोलने खेळवलेला का असेना, नेमका तेव्हाच स्लायडर टाकतो. एक बारीकशी सूचना : घरी तोच कन्सोल टीव्हीला जोडला की काही टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर लावतात, त्यामुळे गाडीत बसवलेली वेळ दिवाणखान्यात बिघडते, टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू केल्याने ती बरीचशी सुधारते.

दोन्हींच्या मधले चेंडूही आहेत. कर्व्ह आणि स्लायडर यांच्या मिश्रणाला ‘स्लर्व्ह’ म्हणतात, आडव्या अंगाने फार सरकणाऱ्या स्लायडरला ‘स्वीपर’. मेजर लीगच्या मोजणी यंत्रणेने २०२३ पासून त्यांची नोंद वेगळ्या नावांनी करायला सुरुवात केली. हे कळल्यावर भाचा वैतागला, आणि त्याचे फारसे चुकले असे मला वाटत नाही. गेल्या रविवारी सरावात दोन स्ट्राइक झाल्यावर त्याने सलग तीन स्लायडर हुशारीने सोडले. चौथा चेंडू हातातून सुटताना उचलला गेला, त्याने तोही सोडला, आणि कर्व्हबॉल झोनच्या मधोमध उतरून तिसरा स्ट्राइक झाला.