फूल, दोन पाने आणि सर्कल: गोव्यातल्या ग्राहकाची निवड कुठे ठरते?

मोबाइल रिचार्ज करताना सर्कलच्या, म्हणजे मोबाइल सेवेच्या विभागांच्या, यादीत गोवा शोधून बघा. 'महाराष्ट्र आणि गोवा' अशी एकच ओळ मिळते. टीव्हीचे प्रेक्षक मोजणारी बार्क ही संस्थाही 'महाराष्ट्र/गोवा' असा एकच बाजार धरते. हिंदी चित्रपटांच्या वितरणात गोवा मुंबई सर्किटमध्ये येतो, आणि टपाल खात्याचे परिमंडळही महाराष्ट्राचेच.

16 जानेवारी 1967 रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल त्याने फुलावर शिक्का मारायचा, वेगळे राहायचे असेल त्याने दोन पानांवर. दोन पानांना 1,72,191 मते पडली, फुलाला 1,38,170. विलीनीकरण बारगळले, आणि 30 मे 1987 रोजी गोवा घटक राज्य झाले. बाजाराच्या नकाशात मात्र फूलच जिंकलेले दिसते.

टेक कंपन्यांची मक्तेदारी, ओटीटीचे वाढते दर, ॲपची जबरदस्ती हे विषय हल्ली गोव्यातही कट्ट्याकट्ट्यावर निघतात. एक गोष्ट त्यात सहसा कोणी बोलत नाही. इथल्या ग्राहकासमोर कुठले पर्याय येणार हे अनेकदा अशा नकाशावर ठरत आले आहे, ज्यात गोव्याला स्वतःचा रकानाच नाही.

काय ऐकायचे हे दुसऱ्याने ठरवण्याची सवय इथे जुनी. पोर्तुगीज राजवटीत वृत्तपत्रे सेन्सॉरच्या हाताखालून जात, आणि पणजीहून चालणारे 'एमिसोरा द गोवा' हे नभोवाणी केंद्र सरकारी. त्याला पर्याय सीमेपलीकडून आला. 25 नोव्हेंबर 1955 पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून, पुढे कॅसलरॉकहून, 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे गुप्त केंद्र चालवले. कोकणी आणि पोर्तुगीज भाषेतले हे प्रसारण 1961 च्या मुक्तीपर्यंत टिकले. मुक्तीनंतर पणजीचे केंद्र आकाशवाणीकडे आले. मार्च 1962 मध्ये दैनिक 'गोमन्तक' निघाले, 1970 मध्ये 'नवप्रभा'. मराठी वाचणाऱ्याला आता इथलीच दैनिके होती, आणि ही दोन्ही खाणमालकांच्या उद्योगसमूहांची. निवड वाढली, पण ती कोणाच्या खिशातून वाढली हे वाचकाला ठाऊक असे. आजच्या पडद्यावर तेवढेही सहज कळत नाही.

मोबाइल आला तेव्हा देशाचे सर्कल पाडले गेले आणि परवाने सर्कलनिहाय विकले गेले. गोव्याएवढ्या बाजारासाठी वेगळा परवाना कोण घेणार? म्हणून गोवा महाराष्ट्राला जोडला. मुंबईचे सर्कल वेगळे होते, म्हणजे आम्हाला महाराष्ट्र मिळाला तो मुंबई वगळून. सुरुवातीला या सर्कलमध्ये बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी अशा दोनच खासगी कंपन्या होत्या. इनकमिंगलाही पैसे पडत, ते 2003 मध्ये थांबले.

सर्कलची रेघ कुठे बोचायची हे काणकोणकरांना विचारावे. उत्तरेला पत्रादेवीची सीमा ओलांडून सावंतवाडीला गेले तर फोन घरचाच. दक्षिणेला पोळेचा नाका ओलांडून कारवारला गेले की कर्नाटकचे सर्कल, म्हणून रोमिंग. काणकोणचे कितीतरी लोक बाजाराला, नात्यागोत्याला कारवारला जातात. डिचोली-सत्तरीतले बेळगावला. त्यांच्या फोनच्या बिलाला हा भूगोल ठाऊक नव्हता. नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय जानेवारी 2011 मध्ये देशभर आली, तीही सर्कलच्या आतच. सर्कल ओलांडून नंबर नेता यायला जुलै 2015 उजाडला.

केबलची गोष्ट जास्त गुंतागुंतीची, आणि माझ्या मते जास्त बोलकी. डिश टीव्ही 2003 मध्ये आला, टाटा स्काय 2006 मध्ये. केबलवाल्याला कंटाळलेल्या शहरी ग्राहकाला देशभर हा पर्याय मिळाला. गोव्यात तो दोन कारणांनी अर्धवटच राहिला. पहिले कारण पाऊस. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात डिश ज्या लहरींवर चालते त्या लहरी मुसळधार सरीत अडतात, आणि नेमके जुलैत, घराबाहेर पडता येत नाही तेव्हा, पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी येते. दुसरे कारण स्थानिक बातम्या. 'प्रुडंट', 'गोवा 365' यांसारख्या वाहिन्या केबलवर वाढल्या. डिश घेतली की देशातल्या शेकडो वाहिन्या मिळत, पण आपल्या पंचायतीत कालच्या ग्रामसभेत काय झाले ते दिसेनासे होई. मग अनेक घरांत दोन्ही जोडण्या राहिल्या. यालाही निवडच म्हणायचे, फक्त तिचे बिल दोनदा यायचे.

केबल डिजिटल करण्याचा कायदा 2011 मध्ये झाला आणि टप्पे लोकसंख्येवर ठरले. आधी चार महानगरे, मग मार्च 2013 अखेर 38 मोठी शहरे. त्यात पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर आले. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या 14.58 लाख, तेव्हा इथले शहर या यादीत येणे शक्यच नव्हते. तिसरा टप्पा उरलेल्या नगरपालिका क्षेत्रांचा, डिसेंबर 2015 पर्यंतचा. चौथा बाकी सगळ्यांचा, तो लांबत लांबत मार्च 2017 पर्यंत गेला. आता गंमत बघा. राज्याची विधानसभा आहे पर्वरीला, आणि पर्वरी आहे पंचायतींच्या हद्दीत. नियमाच्या अक्षराप्रमाणे म्हापसा शहर आणि पर्वरी खेडे. जनगणनेप्रमाणे 62 टक्के लोक शहरी असलेले हे राज्य. इथे शहर आणि गाव यांच्यामध्ये अशी रेघ दिल्लीतूनच मारता येते.

सेट-टॉप बॉक्स घरात आला, पण तो त्या कंपनीपुरताच. केबलवाला बदलला की बॉक्सही बदलायचा. एकच बॉक्स कुठल्याही कंपनीवर चालावा अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने एप्रिल 2020 मध्ये केली. तोपर्यंत गोव्यातल्या किती कपाटांत जुने बॉक्स धूळ खात पडले होते ते कपाटांनाच माहीत.

फेब्रुवारी 2019 मध्ये ट्रायची नवी दरपद्धत लागू झाली. 'तुम्हाला हव्या त्याच वाहिन्या निवडा, त्याचेच पैसे भरा.' पहिल्या 100 वाहिन्यांची जोडणी 130 रुपये, जीएसटीसह 153 रुपये 40 पैसे, आणि सशुल्क वाहिन्यांचे वेगळे. ज्या वाहिनीची किंमत 19 रुपयांपर्यंत असेल तीच बुकेत, म्हणजे वाहिन्यांच्या एकत्र संचात, घालता येणार होती. त्यामुळे गाजलेल्या वाहिन्यांनी नेमके 19 रुपयेच दर लावले आणि बुके मात्र स्वस्त ठेवला. सुट्या वाहिन्यांची बेरीज करत बसलेला माणूस शेवटी बुकेच घेई. केबलवाल्यांनी फॉर्म वाटले, बहुतेकांनी 'तूच काय ते कर' म्हणून परत दिले.

मराठी घरांना या सगळ्यात एक फायदा झाला, तो नाकारण्यात अर्थ नाही. 'महाराष्ट्र/गोवा' हा एकच बाजार असल्यामुळे मराठी वाहिन्या, मराठी बुके, पुढे ओटीटीवरचे मराठी चित्रपट हे सारे फोंड्याला पुण्याइतक्याच सहज मिळाले. शेजारच्या कोकणी घराला असा बुके कुठल्याच मोठ्या प्रसारकाने दिला नाही, कारण त्यांच्याकडे कोकणी वाहिनीच नव्हती. मराठी घराला मिळाले तेही महाराष्ट्राच्या आवडीने शिजलेले. महाराष्ट्राच्या 11.24 कोटी लोकसंख्येपुढे गोवा शंभरात जेमतेम सव्वा. मालिकेतले कुटुंब कोल्हापूरचे असावे की फोंड्याचे, हे ठरवताना या सव्वाचे वजन किती पडणार? आम्ही मालिका बघतो, नावे ठेवतो, आणि पुन्हा बघतो. फुलाचा शिक्का मारणाऱ्या पिढीला असे विलीनीकरण हवे होते असे मला वाटत नाही.

फेब्रुवारी 2015 मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर इंटरनेट.ऑर्ग ही फुकट सेवा सुरू केली, तेव्हा हा नकाशा पुन्हा पुढे आला. ज्या सहा राज्यांच्या नावाने ती आली त्यात महाराष्ट्र होते, आणि त्याच्या सर्कलला गोवा जोडलेलाच. भाषांत मराठी होती, कोकणी नव्हती. तीन डझनांच्या आसपास संकेतस्थळे फुकट, बाकी इंटरनेटला पैसे. कुठली संकेतस्थळे फुकट, हे कंपनी ठरवणार. पुढे या सेवेचे नाव 'फ्री बेसिक्स' झाले.

त्याच वर्षी एअरटेलनेही 'झिरो' नावाची तशीच योजना आणली. नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजे सगळ्या संकेतस्थळांना सारखीच वाट, हा शब्द तेव्हाच घरोघरी पोचला. ट्रायने मार्चमध्ये मते मागवली आणि महिनाभरात दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. तंत्रज्ञानाच्या प्रश्नावर भारतीय ग्राहक एवढ्या संख्येने बोलल्याचे त्याआधीचे उदाहरण मला आठवत नाही. वर्षाच्या शेवटी फेसबुकने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने संकेतस्थळागणिक वेगळा डेटा दर लावण्यावर बंदी घातली.

दोनच दिवसांनी फेसबुकच्या संचालक मंडळावरचे मार्क अँड्रीसन यांनी ट्विट केले. वसाहतवादाला विरोध करणे भारताला आर्थिकदृष्ट्या अनेक दशके महागात पडले, मग आता कशाला थांबायचे, असा त्याचा सूर होता. टीकेचा भडिमार झाला, त्यांनी ते काढून माफी मागितली, झुकरबर्ग यांनीही हात झटकले, आणि फ्री बेसिक्स भारतातून गेले. बाकी देशात हे ट्विट उद्धटपणाचा नमुना म्हणून गाजले. 1510 ते 1961 वसाहत राहिलेल्या भूमीत ते वाचताना वेगळे लागते. इथे अजून पणजोबांचे दाखले पोर्तुगीज भाषेत आहेत, आणि वसाहतीने रस्ते दिले की बेड्या, यावर लग्नाच्या मांडवातही वाद होतो. असा वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना ते ट्विट आवडले नसते.

5 सप्टेंबर 2016 रोजी जिओ आला. मार्च 2017 पर्यंत डेटा फुकट. एका संकेतस्थळाला फुकट वाट देणे बेकायदा ठरले होते. सगळेच फुकट देणे कायदेशीर होते. रिलायन्स कम्युनिकेशन्सने गाशा गुंडाळला, व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट 2018 मध्ये एक झाल्या. बीएसएनएल सोडले तर तीन कंपन्या उरल्या. जुलै 2024 मध्ये त्या तिघींनी दोन दिवसांत दर वाढवले. कंपनी बदलून जायचे कुठे? सांग्याच्या नेत्रावळी भागात हा प्रश्नच गैरलागू होता. 2020 च्या टाळेबंदीत तिथली मुले ऑनलाइन वर्गासाठी डोंगर चढून रेंज शोधत होती. दुसरीकडे मोबाइल टॉवर नको म्हणून ठराव करणाऱ्या ग्रामसभाही गोव्यातच आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या, त्यामुळे दोष एकट्या कंपन्यांवर टाकता येत नाही.

स्थानिक बातम्या मधल्या काळात केबलवरून यूट्यूब आणि फेसबुकवर आल्या. डिशची अडचण सुटली. आता दुबईतला माणूसही डिचोलीची बातमी बघतो. सर्कलची रेघ इथे नाही, पण भाषेची आहे. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी 2013 मध्ये आली, कोकणी मे 2022 मध्ये. मधली नऊ वर्षे देवनागरी कोकणी मजकूर त्या यंत्राला मराठी किंवा हिंदी समजूनच वाचावा लागे. राजभाषा कायद्यावरून, म्हणजे मराठी की कोकणी यावरून, 1980 च्या दशकात इथे रस्ते अडवले गेले होते, माणसे मेली होती. ती वाटणी एका अमेरिकी कंपनीच्या भाषायादीत गुपचूप झाली आणि कोणी चौकातही जमले नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला अँड्रॉइडवरून 1,337.76 कोटींचा दंड केला, नोव्हेंबर 2024 मध्ये व्हॉट्सॲपच्या धोरणावरून मेटाला 213.14 कोटींचा. दोन्ही प्रकरणे अपिलात गेली. गोव्याच्या दृष्टीने ती दिल्लीतली प्रकरणे.

एका बाबतीत मात्र नकाशा गोव्याने स्वतः काढला, तो टॅक्सीचा. देशभर पसरलेल्या ओला-उबर इथे पाय रोवू शकल्या नाहीत, कारण टॅक्सीवाले संघटित होते आणि मतदारसंघ लहान. चार-पाचशे टॅक्सी असलेल्या किनारी मतदारसंघात आमदाराला हिशेब चटकन समजतो. ऑगस्ट 2018 मध्ये पर्यटन विकास महामंडळाच्या सहभागाने 'गोवामाइल्स' हे ॲप आले, त्यालाही संप आणि मोर्च्यांनी विरोध झाला. जानेवारी 2023 मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर पेडण्याच्या टॅक्सीवाल्यांनी तिथला गोवामाइल्सचा काउंटर हटवण्याची मागणी लावून धरली. त्यांची बाजू पोकळ नाही. विमानतळाला जमिनी त्यांच्या गावांच्या गेल्या, आणि कमिशन कापणारी कंपनी बाहेरची.

पण भाडे ऐकून विमानतळावर हतबुद्ध होणारा फक्त दिल्लीचा पर्यटक नसतो. रात्रीच्या विमानाने उतरून काणकोणला जायचे असलेला गोवेकरही त्याच रांगेत असतो, आणि तो ग्राहक आहे हे या भांडणात कोणालाच आठवत नाही. सरकारने मे 2025 मध्ये ॲप-कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा काढला. टॅक्सीवाल्यांच्या हरकतींचा पाऊस पडला आणि मसुदा मागे घेतला गेला. प्रवाशांची संघटना अशी गोव्यात नाही, त्यामुळे त्यांच्या बाजूने मोर्चा निघाला नाही.