मास्ट कोशिका व अंगावरील पित्त

अंगावर उठणाऱ्या पित्ताचा यकृतातील पित्तरसाशी संबंध नाही. आयुर्वेदातील ‘शीतपित्त’ या रोगनामावरून हा शब्दप्रयोग रुळला असावा. त्वचेवर गांधी उठवणाऱ्या हिस्टामीन या रसायनाचा त्वचेतील मुख्य साठा मास्ट कोशिकांत असतो.

हे नाव पाउल एर्लिख यांच्या १८७८ मधील लाइपझिगच्या प्रबंधातले. ‘मास्ट’ म्हणजे जर्मनमध्ये जनावरांना चारून पुष्ट करणे. कणांनी गच्च भरलेल्या या कोशिका अतिपोषणाने फुगल्या असाव्यात, असा त्यांचा तर्क होता. काहींनी नावाचा संबंध ग्रीक शब्दाशी जोडला आहे. परंतु एर्लिख यांचा तर्क पाहता जर्मन व्युत्पत्तीच अधिक पटते. (मराठी ‘मस्त’ फारसीतून आलेला, त्याचा येथे संबंध नाही.) १८६३ मध्ये रेकलिंगहाउझेन यांना बेडकात दिसलेल्या कणमय कोशिका बहुधा याच. टोल्युइडीन ब्ल्यू हा रंग निळा, पण त्याने हे कण मात्र जांभळट दिसतात. सूक्ष्मदर्शकाखालची ओळख आजही तीच. या कोशिका संयोजी ऊतकातच जन्मतात, असे दीर्घकाळ मानले जाई. किटामुरा व सहकाऱ्यांच्या उंदरांवरील प्रयोगांनी (१९७७) त्यांचे मूळ अस्थिमज्जेत दाखवले. काही कोशिका भ्रूणावस्थेतच त्वचेत येतात, असे अलीकडचे संशोधन सांगते.

हिस्टामीन मास्ट कोशिकांत असते, हे रायली व वेस्ट यांनी १९५३ मध्ये दाखवले. कोशिकेवर बसलेल्या आयजीई या ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडांना ॲलर्जीकारक पदार्थ चिकटला की काही मिनिटांत हिस्टामीन साठवणारे कण रिते होतात, केशवाहिन्या पाझरू लागतात आणि गांध फुगते. कोडीन, व्हॅन्कोमायसीन यांसारखी औषधे आयजीईशिवायही हेच घडवतात. सहा आठवड्यांपलीकडे टिकणाऱ्या पित्तात बाहेरचे कारण क्वचितच सापडते. बऱ्याच रुग्णांत शरीराचीच प्रतिपिंडे मास्ट कोशिकांना चेतवतात. तरी ‘काय खाल्लंस?’ हा प्रश्न घरोघरी पहिला, आणि आमसुलाचे पाणी त्यामागोमाग. एखाद्या गांधीभोवती पेनाने गोल काढून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी बहुधा गोल उरतो, गांध नाही. चोवीस तासांनंतरही ती तिथेच असेल, तर रक्तवाहिनीदाहाची शंका घेतात.

त्वचेच्या मास्टोसायटोसिसमध्ये या कोशिकांची संख्याच वाढते. तपकिरी डाग चोळला की तो लाल होऊन फुगतो; यास दारिए यांचे चिन्ह म्हणतात. डागांत मास्ट कोशिका असल्याचे उना यांनी १८८७ मध्ये नोंदवले. ॲटोपिक इसबातही त्या वाढलेल्या आढळतात. मात्र तेथील खाज प्रतिहिस्टामीन औषधांनी फारशी शमत नाही.