सिडको: घरे वाढली, गल्ल्या तेवढ्याच राहिल्या

महापालिकेच्या कागदावर ‘नवीन नाशिक’, पण बोलण्यात सगळीकडे ‘सिडको’च. घरे बांधणाऱ्या महामंडळाचे नाव वस्तीलाच चिकटले. पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक या भागात आज संध्याकाळी दुचाकीसुद्धा रेटत न्यावी लागते. या कोंडीचे मूळ ही घरे कोणासाठी आणि कशी बांधली, यात आहे.

साठच्या दशकात सातपूरला औद्योगिक वसाहत उभी राहिली, पुढे अंबडला दुसरी. राहते शहर मात्र गोदाकाठी, जुने नाशिक आणि पंचवटीत. रेल्वे स्थानक तिथूनही आठ-नऊ किलोमीटर लांब. कामगाराला कारखान्याजवळ परवडेल असे घर नव्हते. म्हणून मोरवाडी, उंटवाडी, कामटवाडे, अंबड या गावांच्या शिवारात सिडकोने टप्प्याटप्प्याने सहा योजना राबवल्या. घरे सुमारे २५ हजार. दरम्यान ७ नोव्हेंबर १९८२ ला नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर या नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून महापालिका झाली.

बहुतेक घरे लहान, बैठी, रांगेतली. दोन घरांत एक सामायिक भिंत, पुढे-मागे थोडी मोकळी जागा. गल्लीची रुंदी धरली होती सायकलवरून पाळीला जाणाऱ्या माणसाच्या हिशेबाने. मुले मोठी झाली, लग्ने झाली, तशी आधी मागची जागा झाकली गेली, मग पुढची, मग वर स्लॅब. याचा दोष रहिवाशांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे; दोन खोल्यांत तीन पिढ्या मावत नाहीत.

पण त्याची किंमत जमिनीखाली मोजावी लागते. मागच्या मोकळ्या जागेतला ड्रेनेजचा चेंबर वाढीव स्वयंपाकघराच्या फरशीखाली गेला, की तुंबल्यावर झाकण उघडायला जागाच उरत नाही. पाणी वरच्या बाजूच्या शेजाऱ्याच्या मोरीतून उलटे येते आणि फरशी फोडावी लागते. सामायिक भिंतीचेही तसेच. ती बैठ्या घरासाठी बांधलेली. एका बाजूने मजला चढला की तडे दुसऱ्याच्या घरात दिसतात. वर चढण्याआधी स्वतंत्र कॉलम घेतले असतील तरच हे टळते.

रस्त्याकडेच्या घरांत पुढची खोली गाळा झाली: किराणा, शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती. गाळ्यासमोर ग्राहकांच्या गाड्या, त्यापुढे भाजीच्या हातगाड्या. मजल्यांवर भाडेकरू आले, त्यांच्याही गाड्या दारातच. समोरासमोर दोन चारचाकी उभ्या राहिल्या की अग्निशमन बंब आत शिरत नाही.

बाहेर पडण्याचे मार्गही मोजकेच. सिडको आणि इंदिरानगर यांच्या मधून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. महामार्ग रुंद झाला, मुंबई नाक्याच्या बाजूला लांबलचक उड्डाणपूल आला, त्यामुळे धुळ्याकडे जाणाऱ्या ट्रकची सोय झाली. स्थानिकाला मात्र इकडून तिकडे जायला ठरावीक बोगदेच. इंदिरानगरच्या बोगद्यापाशी दोन्ही समांतर रस्त्यांवरची वाहने आणि आडवी जाणारी वाहने एकाच तोंडाशी येतात. वळणाऱ्या एका गाडीने आडवे तोंड घातले, की चारही बाजू थांबतात. अंबडची पाळी सुटण्याच्या वेळेला शाळेच्या रिक्षाही याच तोंडाशी उभ्या असतात.