व्हेंटिलेटर सोडवणे (वीनिंग)

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचा यंत्रावर चाललेला श्वास पुन्हा त्याच्या स्वतःच्या दमावर आणण्याची प्रक्रिया. मूळ आजार ओसरू लागला की तिचा विचार सुरू होतो, आणि बऱ्याचदा उशिराच होतो. झटापटीत श्वासनलिकेत घातलेली यंत्राची नळी स्वतःच उपसून टाकणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना ती पुन्हा घालावी लागत नाही, यातच काय ते आले. उशीर महागात पडतो: न्यूमोनियाचा धोका वाढतो आणि आयता श्वास मिळत राहिल्याने श्वासपटल काही दिवसांतच रोडावते.

पूर्वी यंत्राचा आधार थोडाथोडा कमी करत नेत. १९९५ साली आंद्रेस एस्तेबान यांच्या स्पॅनिश गटाने चार पद्धती ताडून पाहिल्या. दिवसातून एकदा रुग्णाला स्वतः श्वास घेऊ दिला, तर आयएमव्ही पद्धतीपेक्षा (यंत्र ठरावीक श्वास देते, मधले श्वास रुग्ण स्वतः घेतो) नळी सुमारे तिप्पट वेगाने निघते, असे दिसले.

आज रोज सकाळी गुंगीचे औषध थांबवतात. रुग्ण डोळे उघडतो का, सांगितल्यावर हात दाबतो का, ते बघतात. ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या आसपास पुरत असेल आणि रक्तदाब टिकत असेल, तर यंत्र काढून नळीला टी-पीस (ऑक्सिजन देणारा टी आकाराचा जोड) लावून किंवा यंत्राचा दाब अगदी कमी करून ३० मिनिटे ते २ तास चाचणी घेतात. यांग व टोबिन यांचा १९९१ चा निर्देशांक सोपा आहे: मिनिटाचे श्वास भागिले एका श्वासातले लिटर. ३० श्वास, प्रत्येकी ३०० मिलिलिटर, म्हणजे १००. १०५ च्या वर अपयशाची शक्यता जास्त. पण अनुभवी सिस्टरची नजर आकड्याआधी फेंदारलेल्या नाकपुड्यांवर, कपाळावरच्या घामावर आणि मानेच्या ताणलेल्या स्नायूंवर जाते. चाचणी फसली की रुग्णाला पुन्हा यंत्रावर घेऊन कारण शोधतात. हृदयाकडे अनेकदा दुर्लक्ष होते: यंत्राचा दाब जाताच छातीत परतणारे रक्त वाढते, दुबळ्या हृदयाला ते झेपत नाही आणि फुप्फुसांत पाणी साठते.

चाचणी पार पडली तरी नळी काढण्याचा निर्णय वेगळा. खोकून बेडका बाहेर टाकण्याची ताकद हवी, स्वरयंत्राला सूज नको. नळी काढलेल्यांपैकी साधारण १० ते २० टक्के रुग्णांना ती पुन्हा घालावी लागते; म्हणून जोखमीच्या रुग्णांना लगेच एनआयव्ही मास्क (नळीविना दाबाने श्वास देणारा) किंवा हाय-फ्लो ऑक्सिजन (नाकातून जोरदार प्रवाहाने) लावतात. तीन चाचण्या फसल्या किंवा पहिल्या चाचणीनंतर ७ दिवस उलटले, तर २००७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ते दीर्घ वीनिंग ठरते. अशा रुग्णांची बहुधा ट्रेकिऑस्टोमी करतात, म्हणजे गळ्याला छेद देऊन थेट श्वासनलिकेत नळी बसवतात. मग दिवसा काही तास यंत्राविना, रात्री यंत्रावर, असे कित्येक आठवडे चालते.