खात्यातला हप्ता आणि युरियाची गोणी

आमच्या लातूरकडं बँकेबाहेर एकच प्रश्न कानावर पडतो, "अनुदान पडलं का?" पीएम-किसानचा दोन हजारांचा हप्ता असो नाहीतर अतिवृष्टीची मदत, सगळ्याला अनुदानच म्हणतात. पण ज्या अनुदानानं शेती करायची रीतच बदलली, ते आपल्या खात्यात कधी पडत नाही.

ते असतं युरियाच्या, म्हणजे नत्र देणाऱ्या खताच्या, गोणीत. 45 किलोची गोणी आपल्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते. खरा खर्च याच्या कितीतरी पट. दुकानातल्या मशीनवर आपला अंगठा लागला की फरक सरकार कंपनीला देतं. 2010 साली डीएपी, पोटॅश या दुसऱ्या खतांचं अनुदान त्यांतल्या अन्नद्रव्यानुसार ठरावीक झालं आणि पुढं ती खतं महागली. युरिया त्यातून वगळला, तो स्वस्तच राहिला. तेव्हापासून पिकाला काय पाहिजे यापेक्षा खिशाला काय झेपतं, तिकडंच हात जातो.

बांधाशेजारच्या काकांनी सोयाबीन जरा पिवळं दिसलं की युरिया फेकायला घेतला. मी एक झाड उपटलं. मुळांना गाठी होत्या, नखानं फोडली तर आत गुलाबी. "काका, हवेतलं नत्र हे झाड स्वतःच घेतंय, कशाला टाकता?" तर म्हणाले, "आरं, अडीचशेची तर गोणी हाय." पुढं पीक नुसतं माजलं. कमरेएवढं झालं, पण शेंगा विरळ.

वस्तूवरचं अनुदान असं रानात उतरतं. चांगल्या बाजूनंही उतरतं, हे मान्य केलंच पाहिजे. ठिबकला आपल्या राज्यात अल्प-अत्यल्प भूधारकाला ठरवून दिलेल्या खर्चाच्या 80 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. त्यामुळं एरवी पाटानं पाणी सोडणारा माणूस नळ्या अंथरतो, त्याच विहिरीवर जास्त रान भिजतं.

रोख हप्त्याचं तसं नाही. केंद्राचे वर्षाला 6000, राज्याच्या नमो योजनेचे 6000. काय पेरा, काय टाका, अशी अट नाही. पैसे खुरपणीच्या मजुरीत जातात, नाहीतर किराण्याच्या उधारीत. त्यानं पिकाचा उतारा फारसा वाढत नाही, पण जादा युरियानं बिघडते तशी जमीनही बिघडत नाही. युरोपात शेतमालाच्या भावाला आधार दिल्यामुळं न खपलेल्या लोण्याचे डोंगर साचले होते. तिथं 2003 च्या सुधारणेत बहुतेक मदतीचा काय आणि किती पिकवलं याच्याशी असलेला संबंध तोडला, तो याच विचारानं.

म्हणून खताचं अनुदानही थेट खात्यात द्या, असं बरेच जण सुचवतात. जमिनीच्या दृष्टीनं मलाही ते पटतं. अडचण सातबाऱ्याची आहे. हप्ता जमीन ज्याच्या नावावर त्याला मिळतो. गोणी मात्र जो कसतो, तो अंगठा लावून घेऊन येतो.

काकांचं रान बटईचं आहे. मालक पुण्याला असतो, हप्ता त्याच्या खात्यात पडतो. सरकारकडून काकांच्या हाती येते ती तेवढी गोणी.