भरतीच्या अर्जातली चूक आणि न्यायालये : पार्श्वभूमी

पोलीस शिपाई, तलाठी, जिल्हा परिषद, कुठलीही निवड यादी लागली की सोलापूरच्या अभ्यासिकांमध्ये एक प्रश्न हमखास फिरतो: गुण पुरेसे आहेत, पण अर्जात चूक आहे, कोर्टात टिकेल का? उत्तर म्हणून आजकाल 2024 च्या एकाच निकालाचा दाखला दिला जातो. निकाल खरा आहे. त्यातून काढला जाणारा अर्थ, की लहान चूक न्यायालय माफ करतेच, मात्र बराच ताणलेला आहे.

पोस्टल ऑर्डर जोडून अर्ज पाठवण्याच्या काळात छाननी बहुधा परीक्षेच्या आधी होई. अपात्र ठरलेल्याला हॉल तिकीटच मिळत नसे आणि भांडण तिथेच संपे. अर्ज ऑनलाइन झाले तसा हा क्रम उलटला. संगणक उमेदवाराने भरलेले सगळे खरे धरतो, परीक्षा होते, मैदानी चाचणी होते, यादी लागते आणि मग कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर माणूस पहिल्यांदा अर्ज वाचतो. तोवर उमेदवाराची दोन-तीन वर्षे गेलेली असतात. आजचे बहुतेक खटले या उलट्या क्रमाची पैदास आहेत, असे माझे मत. यंत्रणेकडूनही घोळ होतात. 2013 मध्ये राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या तोंडावर उमेदवारांची ऑनलाइन माहितीच नाहीशी झाली होती. परीक्षा पुढे गेली, उमेदवारांनी माहिती पुन्हा भरली. यंत्रणेच्या चुकीची अशी दुरुस्ती होते, पण उमेदवाराकडून चूक झाली की हिशेब बदलतो.

न्यायालयांपुढे सुरुवातीपासून दोन वाटा होत्या. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात म्हटले की पात्रता मुदतीआधी मिळवलेली असली म्हणजे झाले, तिचा पुरावा नंतर आला तरी बिघडत नाही. 1992 चे शेजारच्या कर्नाटकातले प्रकरण कडक आहे: सूचना असतानाही उत्तरपत्रिकेत नको तिथे बैठक क्रमांक लिहिणाऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्याच गेल्या नाहीत, आणि ते योग्य ठरले. 1997 मध्ये आणखी एक खुंटा ठोकला गेला: पात्रता अर्जाच्या शेवटच्या तारखेला हवी, मुलाखतीच्या दिवशी असून चालणार नाही.

आता 2024 चा निकाल. बिहारच्या एका खेडेगावातल्या उमेदवाराने पोलीस शिपाई भरतीचा अर्ज सायबर कॅफेतून भरला. जन्मतारीख 18 डिसेंबर 1997, अर्जात पडली 8 डिसेंबर 1997. सगळे टप्पे पार करूनही अंतिम निकालात तो अनुत्तीर्ण दाखवला गेला. उच्च न्यायालयात दोनदा हरला. सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारी 2024 रोजी त्याला उत्तीर्ण धरायला सांगितले आणि जागा शिल्लक नसली तरी सामावून घेण्यासाठी घटनेच्या कलम 142 खालचा, पूर्ण न्यायासाठी हवा तो आदेश देण्याचा अधिकार वापरला. सोलापुरात हा निकाल मनाला लागणारच. शाळेच्या दाखल्यावर 1 जून आणि आधारवर भलतीच तारीख असलेली घरे इथे गावोगाव आहेत. पूर्व भागातली तेलुगू आडनावे आणि अक्कलकोटकडची कन्नड नावे इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. फॉर्म भरून देणारा नेटकॅफेवाला दिवसाला किती अर्ज भरतो, हे सात रस्त्यावरच्या कोणालाही विचारा.

पण न्यायालयाने चूक माफ केली ती लहान होती एवढ्यावरून नव्हे. दोन्ही तारखांनी तो वयात बसतच होता, म्हणजे चुकीतून काही पदरात पडले नव्हते. आणि खरा दाखला त्याने स्वतःच पुढे केला होता. दहा दिवसांच्या त्याच फरकाने वयोमर्यादा ओलांडली जात असती, तर हा निकाल त्याच्या कामी आला असता असे मला वाटत नाही.

आरक्षणाच्या रकान्यात तर चित्रच वेगळे. तिथे अर्ज म्हणजे निव्वळ माहिती नसते, तो दावा असतो. इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र उशिरा दिले तरी चालेल, असे 2016 च्या दिल्लीच्या प्रकरणात म्हटले गेले. 2022 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या सवलतीला दुजोरा दिला नाही. तर्क असा की जात बदलत नाही, पण नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे उन्नत गटात नसणे, हे उत्पन्नावर ठरते आणि उत्पन्न बदलते. 2025 मध्ये उत्तर प्रदेशच्या पोलीस भरतीत प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात होते, राज्याच्या नव्हते, एवढ्यावर उमेदवार हरले. म्हणजे सेतूत (दाखले मिळण्याच्या सरकारी केंद्रात) अर्ज टाकून ठेवायचा, फॉर्मवर ‘होय’ करायचे आणि प्रमाणपत्राची वाट पाहायची, ही सवय आता महागात पडते.

समांतर आरक्षणातही (महिला, प्रकल्पग्रस्त असे जातीवर न ठरणारे आरक्षण) तेच. उजनी धरणामुळे करमाळा-माढा भागात प्रकल्पग्रस्तांची प्रमाणपत्रे घरोघर आहेत. आजोबांच्या नावचे प्रमाणपत्र आपल्या नावे हस्तांतरित न करताच नातू 5 टक्क्यांच्या रकान्यात टिक करतो. खुल्या गटातल्या महिलांना तर 2023 मध्ये अट काढेपर्यंत नॉन-क्रिमिलेअरचा दावा करावा लागे, आणि तो रकाना रिकामा सोडलेल्या मुली सर्वसाधारण यादीत ढकलल्या जात. ही चूक त्यांची कमी आणि अर्जाच्या रचनेची जास्त होती.

नेमणुकीआधी स्वतःची माहिती भरून द्यायच्या साक्षांकन नमुन्यात गुन्हा लपवणे हा वेगळाच विषय. 2016 च्या निकालाने सरसकट बडतर्फीला लगाम घातला: गुन्हा किरकोळ आहे का, प्रश्न नेमका विचारला होता का, हे पाहून निर्णय घ्या. गावकीच्या भांडणातली चॅप्टर केस (शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई) ‘गुन्हा’ म्हणून लिहायची की नाही, यावर पोरे अजून अडतात. लिहावी, लिहिल्याने नोकरी गेल्यापेक्षा न लिहिल्याने गेल्याची उदाहरणे जास्त ऐकू येतात.

दाद मागण्याची जागा पदावरून ठरते. तलाठी, पोलीस अशा राज्य सेवेतल्या पदांसाठी 1991 पासून प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. सोलापूरकरांना मुंबईच गाठावी लागते, सिद्धेश्वर एक्सप्रेसने फाईल घेऊन. अंतिम आदेशापासून साधारण एक वर्षाच्या आत अर्ज व्हावा लागतो. 1997 पासून न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे जाता येते. जिल्हा परिषदेची पदे न्यायाधिकरणाकडे नाहीत, त्यांची याचिका थेट उच्च न्यायालयात. आणि 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूर जिल्हा उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे. दोन्हीकडे एक गोष्ट वकील आधी विचारतात: तुमच्या जागी यादीतून कोणाला घेतले? त्या उमेदवाराला प्रतिवादी केले नाही, तर तेवढ्यावरच प्रकरण अडते.